वाइन-अभिरुची

वाइन-अभिरुची : वाइनचा प्रकार, गोडी, तुरटपणा, तापमान, प्रमाण, वेळ व पेला यांबाबत पिणाऱ्या व्यक्तीच्या स्थिरावलेल्या आवडीनिवडी आणि त्यांना चिकटलेल्या सवयी. जाणकारांनी केलेले वाइनचे परीक्षण व गुणांकन हा याहून निराळा विषय होय. परंतु अभ्यासकांच्या हाती असलेली बरीच सामग्री परीक्षणातूनच आलेली असल्याने दोहोंत काटेकोर रेषा आखणे कठीण जाते. रेड, व्हाइट, रोझे व स्पार्कलिंग ही वर्गवारी आणि त्यांच्या निर्मितीच्या पद्धती येथे गृहीत धरल्या आहेत.

प्राचीन काळ : द्राक्षांची वाइन केव्हापासून प्यायली जाऊ लागली याचे पुरावे बऱ्यापैकी उपलब्ध आहेत, ती लोकांना कशी आवडत असे, याचे मात्र फार थोडे. जॉर्जियातील गदाच्रिली गोरा व शुलावेरिस गोरा येथील मातीच्या भांड्यांत द्राक्षांची खूण मानल्या जाणाऱ्या टार्टारिक अम्लाचे अवशेष आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या भांड्यांचा काळ सु. इ. स. पू. ६०००–५८०० मानला जातो. इराणमधील हाजी फिरुझ तेपे येथील अवशेष त्यानंतरचे (सु. इ. स. पू. ५४००–५०००) असून त्यांत द्राक्षांच्या खुणांबरोबर झाडाच्या राळेचेही अंश आहेत. राळ टिकाऊपणासाठी घातली जात होती की चवीसाठी, याविषयी एकमत नाही. कोलुमेला या रोमन कृषिलेखकाने कोणत्याही टिकाऊ द्रव्याविना टिकणारी वाइन सर्वोत्तम ठरविली आहे. त्यावरून राळेचा मूळ हेतू टिकविण्याचाच असावा आणि चवीची आवड मागाहून जडली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ग्रीसमधील रेत्सिना ही राळयुक्त वाइन आजही आवडीने प्यायली जाते. तिच्या बाटलीला राळेच्या संरक्षणाची आता काहीच गरज उरलेली नाही. गरज संपल्यावरही चव मागे राहते, याचे हे सर्वांत जुने उदाहरण म्हणता येईल.

ग्रीकांची पाणी मिसळण्याची रीत हा या विषयातील सर्वाधिक चर्चिलेला भाग आहे. क्रातेर या रुंद तोंडाच्या भांड्यात वाइन व पाणी एकत्र करून पळीने ती पेल्यांत वाढली जाई. न मिसळता पिणे रानटीपणाचे लक्षण समजत. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याला वेड लागले ते सिथियन लोकांकडून निव्वळ वाइन पिण्यास शिकल्यामुळे, अशी खुद्द स्पार्टन लोकांची समजूत असल्याचे हिरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने नोंदविले आहे. मिश्रणाच्या प्रमाणाबद्दल मात्र साधनांचा मेळ बसत नाही. हीसिअड हा ग्रीक कवी (सु. इ. स. पू. ७००) तीन भाग पाणी व एक भाग वाइन सांगतो. अनॅक्रिऑनच्या एका कवितेत दहा पळ्या पाणी व पाच पळ्या वाइन मागविली आहे. होमरच्या ओडिसी या महाकाव्यातील मॅरन या पुजाऱ्याने दिलेली वाइन तर एका पेल्यास वीस मापे पाणी घालून प्यायची होती. अर्थात हे महाकाव्यातील वर्णन असल्याने त्यावरून नित्याचे प्रमाण ठरविणे योग्य नाही.

खरा वाद आहे तो लेझ्बॉस बेटावरील अल्सीअस (सु. इ. स. पू. ६००) या कवीच्या एका ओळीबद्दल. ‘एक आणि दोन’ असे मिसळून ओत, एवढेच ती सांगते. एक कशाचे आणि दोन कशाचे हे सांगत नाही. प्रमाण सांगताना ग्रीक लोक पाण्याचा उल्लेख आधी करीत, हा संकेत लावला तर एक भाग पाणी व दोन भाग वाइन असा अर्थ निघतो आणि मिश्रण इतर सर्व उल्लेखांच्या मानाने कडक ठरते. उलट, ओळखीच्या प्रमाणांशी जुळवून घ्यायचे तर वाइन एक व पाणी दोन असे वाचावे लागते. अल्सीअसच्या कवितेचा एकूण सूर पाहता पहिले वाचन सरस वाटते. कारण तेथे भरलेल्या पेल्यामागून पेला रिचविण्याचेच आवाहन आहे, संयमाचे नव्हे. तथापि एका कवीच्या एका ओळीवरून लेझ्बॉसची सार्वत्रिक रीत ठरत नाही.

पाणी मिसळण्यामागील कारणांतही मतभेद आहेत. वाइन फार कडक असे, हे कारण पूर्वी सर्रास दिले जाई. परंतु नैसर्गिक किण्वनात अल्कोहॉलचे प्रमाण साधारणपणे १५–१६ टक्क्यांपलीकडे जात नाही. पाण्याचे निर्जंतुकीकरण हे कारण आधुनिक कल्पनेतून आलेले दिसते. मैफल लांबावी आणि बोलणे शुद्धीत चालावे ही सामाजिक सोय बहुतेक अभ्यासक आता अधिक महत्त्वाची मानतात. रोमन आवडीबद्दलची माहिती पुष्कळ असली, तरी ती श्रीमंतांच्या पंगतीपुरती आहे. फालेर्नियन या नामांकित रोमन वाइनचे उग्र, गोड व हलकी असे तीन प्रकार प्लिनी या रोमन लेखकाने दिले असून ज्योत लावली असता पेट घेणारी हीच एक वाइन, असेही म्हटले आहे. गुलाम व सैनिकांच्या वाट्याला आंबूस, पाणचट पेये येत. त्यांना ती आवडत की नाही, हे विचारण्याचे कोणास कारण पडले नसावे.

गोडीचा उतार : प्राचीन काळापासून बराच काळ गोड वाइनला मान होता. कमी गोडीची, म्हणजे ‘ड्राय’, वाइन श्रेष्ठ समजण्याची सध्याची प्रवृत्ती त्या मानाने अलीकडची आहे. शँपेनच्या बाबतीत हा बदल नीट मोजता येतो. एकोणिसाव्या शतकात रशियाला जाणाऱ्या शँपेनमध्ये साखर लिटरमागे २०० ग्रॅमहून अधिक असल्याचे उल्लेख आहेत. इंग्लंडमधील गिऱ्हाइकांना त्याच काळी सर्वांत कमी गोड शँपेन हवी असे. पॉमरी या शँपेन बनविणाऱ्या घराण्याने १८७४ च्या हंगामाची ब्रूट, म्हणजे अगदी कमी गोडीची, शँपेन इंग्लिश बाजारासाठी काढली आणि ती या बदलातील महत्त्वाची पायरी समजली जाते. आजच्या नियमांनुसार ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमहून कमी, तर ‘दू’ म्हणजे गोड प्रकारात ५० ग्रॅमहून अधिक साखर असते. बाटलीवरील ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ब्रूटपेक्षा गोड असते (१२–१७ ग्रॅम), ही गोष्ट नवख्यांना नेहमीच चकवते.

व्यक्तीची रुची गोडाकडून ड्रायकडे ‘चढत’ जाते, असे वाइनविषयक लेखनात गृहीत धरलेले आढळते. याला वर्षानुवर्षे त्याच व्यक्तींचा मागोवा घेऊन जमविलेला भक्कम आधार दिसत नाही. शिवाय हे शिडीचे चित्र विक्रेत्यांच्याही सोयीचे आहे.

शारीरिक आधार : रेड वाइनमधील टॅनिन (द्राक्षांच्या साली व बियांतून उतरणारे तुरट घटक) लाळेतील प्रोलीनयुक्त प्रथिनांना चिकटून त्यांचा साका बनवितात. त्यामुळे तोंडातील वंगण कमी होऊन जीभ व गाल खरखरीत झाल्यासारखे वाटतात. हा तुरटपणा साचत जाणारा असल्याने पहिल्या घोटाला सौम्य वाटलेली वाइन तिसऱ्या-चौथ्या घोटाला तोंड आवळू लागते. लाळेचे प्रमाण व घटक व्यक्तीगणिक वेगळे असतात. त्यामुळे एकाच बाटलीबद्दल दोघांची मते भिन्न पडणे स्वाभाविक आहे. तापमानाचाही परिणाम होतो. थंड केल्यास तुरटपणा व कडवटपणा पुढे येतात, तर उष्णतेने अल्कोहॉलची झोंबणारी जाणीव वाढते. रेड वाइन फार गार न करण्याच्या प्रघाताला एवढा आधार पुरेसा आहे.

प्रॉप नावाच्या कडू रसायनाची चव काहींना मुळीच लागत नाही, तर काहींना असह्य वाटते. अशा तीव्र चव लागणाऱ्यांना लिंडा बार्टोशुक यांनी १९९१ च्या सुमारास ‘सुपरटेस्टर’ म्हटले. या फरकाशी संबंधित टीएएस२आर३८ हे जनुक २००३ मध्ये निश्चित झाले. त्यावरून वाइनची आवड जनुकांनी ठरते, अशी लोकप्रिय मांडणी झाली. ती जपून घ्यावी. वाइनमधील कॅटेचिनसारखे कडू घटक प्रामुख्याने जिभेवरील इतर ग्राहींवर (चव टिपणाऱ्या रेणूंवर) काम करतात. त्यामुळे प्रॉप-चाचणीवरून वाइनच्या आवडीचा अंदाज फार तर ढोबळ राहतो. गंधाच्या बाबतीत पुरावा अधिक ठोस आहे. शिराझ या जातीच्या द्राक्षांच्या रेड वाइनमधील मिरीसारखा वास रोटंडोन या संयुगामुळे येतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. रेड वाइनमध्ये लिटरमागे सु. १६ नॅनोग्रॅम रोटंडोनही ओळखू येते. मात्र चाचणीतील सु. २० टक्के व्यक्तींना ते कितीतरी अधिक प्रमाणातही पाण्यात जाणवले नाही. मिरीच्या वासामुळे शिराझ आवडणारा व तीच बेचव म्हणणारा, हे दोघे एकाच टेबलाशी बसून वस्तुतः दोन वेगळ्या वाइन पीत असतात.

अपेक्षांचा प्रभाव : रंग पाहूनच चव ठरते, या मताच्या पुष्ट्यर्थ बॉर्दो येथील २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हमखास सांगितला जातो. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन आणि गंधहीन रंगाने तांबडी केलेली तीच वाइन हुंगण्यास दिली असता, रंगविलेल्या वाइनला त्यांनी रेड वाइनची विशेषणे लावली. ‘तज्ज्ञांना रेड व व्हाइट यांतला फरक कळत नाही’ असा याचा प्रचलित अर्थ मूळ प्रयोगापेक्षा बराच पुढे जातो. एक तर ते विद्यार्थी होते. दुसरे, त्यांना वाइन रेड की व्हाइट हे विचारलेच नव्हते. प्रत्येक विशेषण दोहोंपैकी कोणत्या पेल्याला अधिक लागू पडते, एवढीच निवड करायची होती. समोर एक तांबडा व एक पिवळसर पेला असताना विशेषणांची विभागणी रंगानुसार होणे फारसे नवलाचे नाही. याउलट २००९ मधील एका फ्रेंच अभ्यासात गडद पेल्यांतून रंग न दिसता वाइन हुंगण्यास दिली, तेव्हा रेड व व्हाइट यांची वर्गवारी जाणकारांना आणि नवख्यांनाही बऱ्यापैकी जमली. रोझेच्या बाबतीत तेवढा घोटाळा झाला. तेव्हा रंग गंधाच्या वर्णनावर मोठी पकड ठेवतो एवढेच सुरक्षितपणे म्हणता येते.

किमतीचा परिणाम अधिक स्पष्ट आहे. २००८ मधील एका प्रयोगात २० व्यक्तींना तीनच वाइन पाच वेगवेगळ्या किमतींच्या म्हणून चाखविल्या. पाच डॉलरची वाइन पंचेचाळीस डॉलरची म्हणून दिल्यावर ती अधिक आवडली आणि सुखाच्या अनुभवाशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या भागातील हालचालही वाढली. पुढे किंमत न सांगता त्याच वाइन दिल्या, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. परीक्षकांचे सातत्यही निर्विवाद नाही : कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत एकाच बाटलीतील वाइन त्याच परीक्षकांना अनेकदा दिली असता, सु. १० टक्के परीक्षकांनीच ती दर वेळी एकाच पदकगटात ठेवली.

आरोग्यविषयक वार्ताही आवड वळवितात. फ्रेंच आहारात स्निग्धांश असूनही हृदयरोग कमी आढळतो, ही बाब १९९१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर रेड वाइनशी जोडली गेली आणि तेथील रेड वाइनचा खप झपाट्याने वाढला. अल्कोहॉलयुक्त पेयांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मानवात कर्करोग घडविणारी म्हणून नोंदविले होते. त्या नोंदीचा तसा परिणाम झाला नाही. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मांडली.

घरगुती सवयी : परीक्षकांनी नाके मुरडलेल्या, पण मोठ्या प्रमाणावर रूढ असलेल्या सवयींविषयी लेखन तुटपुंजे आहे. वाइनमध्ये बर्फ किंवा सोडा घालणे, बास्क प्रदेशात रेड वाइन व कोला समभाग घेऊन बनविलेला कालिमोचो, नैर्ऋत्य फ्रान्समध्ये वाडग्यातील उरलेल्या गरम सूपात रेड वाइन ओतून वाडगाच तोंडाला लावण्याची ‘शाब्रो’ ही ग्रामीण रीत, यांचे उल्लेख प्रायः प्रवासवर्णने व आठवणींतून मिळतात. एकट्याने पिणे, उघडलेली बाटली किती दिवस पुरवायची, याबद्दलची माहिती त्याहूनही विरळ आहे.

प्रमाण व मोजमाप : फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात वाइनचा दरडोई वार्षिक खप १०० लिटरहून अधिक होता, तो आता निम्म्याहूनही खाली आला आहे. रोजच्या जेवणातील पेय ही तिची जागा जाऊन प्रसंगी प्यायचे पेय ही जागा आली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मधील जागतिक खप सु. २१.४ अब्ज लिटर, म्हणजे १९६१ नंतरचा सर्वांत कमी होता. व्यक्तीगत खपाचे आकडे मात्र सर्वेक्षणांतील स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून असतात आणि त्यांची बेरीज विक्रीच्या आकड्यांपेक्षा बरीच कमी भरते. ‘एक पेला’ हे मापही स्थिर नाही. १२ टक्के अल्कोहॉलच्या १५० मिलि. वाइनमध्ये सु. १४ ग्रॅम अल्कोहॉल असते. अमेरिकेत ते एक प्रमाणित पेय होते, तर ब्रिटनमध्ये ८ ग्रॅमचे एक एकक धरल्याने तोच पेला पावणेदोन एककांचा होतो. इंग्लंडमधील ४११ पेल्यांच्या २०१७ मधील पाहणीत वाइनच्या पेल्याची सरासरी क्षमता अठराव्या शतकातील ६६ मिलि.वरून ४४९ मिलि.पर्यंत वाढल्याचे आढळले. पेला काठोकाठ भरण्याची रीत नसल्याने ओतल्या जाणाऱ्या वाइनचे प्रमाण याच पटीने वाढले, असे त्यावरून म्हणता येत नाही.