क्लिफर्ड ब्राऊनच्या दोन 'मेमोरियल': यातला ट्रम्पेट नक्की कोणाचा?

ड्रमर मॅक्स रोचबरोबरचा जॅझ ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊन बहुतेकांना पाठ असतो. 'जॉय स्प्रिंग', 'डाहूड', 'सँडू' झालं की लोक 'आता त्याआधीचं ऐकू' म्हणतात आणि तिथेच घोळ सुरू होतो.

२६ जून १९५६ ला पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइकवर मोटार अपघातात ब्राऊन गेला. वय २५. त्याच वर्षी दोन कंपन्यांनी १९५३ सालची त्याची रेकॉर्डिंग्ज एकत्र करून स्मृती-एलपी काढल्या. ब्लू नोटची 'क्लिफर्ड ब्राऊन मेमोरियल अल्बम', क्रमांक १५२६. प्रेस्टिजची नुसती 'मेमोरियल', क्रमांक ७०५५. नावं जवळपास एक, काळही एकच: ९ जून ते १५ सप्टेंबर १९५३, म्हणजे मोजून चौदा आठवडे. कहर म्हणजे ९ जूनला ब्लू नोटसाठी बास आणि ड्रम्सवर जे दोघे होते, पर्सी हीथ आणि फिली जो जोन्स, तेच ११ जूनला प्रेस्टिजसाठी बसले. मुखपृष्ठ, कंपनी, लेबलचा रंग हे फरक सोडून द्या. ते दुकानात उभं राहिल्यावर कोणालाही कळतात.

खरा फरक एकच. ब्लू नोटवर ट्रम्पेट वाजला की तो ब्राऊनच. प्रेस्टिजवर दोन्ही अर्ध्या भागांत ब्राऊनशिवाय आणखी एक ट्रम्पेटवाला आहे.

ब्लू नोटच्या पहिल्या बाजूवर २८ ऑगस्टचं सेक्स्टेट, म्हणजे सहा जणांचा ताफा आहे: जीजी ग्राइस, चार्ली राउज, जॉन लुईस, हीथ आणि आर्ट ब्लेकी. दुसऱ्या बाजूवर ९ जूनचं क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा ताफा, लू डोनाल्डसन आणि एल्मो होप यांच्यासह. दोन्हीकडे दुसरा ट्रम्पेट नाही.

प्रेस्टिजची अर्धी एलपी पियानोवादक-रचनाकार टॅड डॅमरनच्या नऊ जणांच्या ताफ्याची. तिथे इद्रीस सुलेमान दुसऱ्या ट्रम्पेटवर. उरलेली अर्धी स्टॉकहोमची. लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर ब्राऊन युरोपात होता, तसाच ट्रम्पेटवाला आर्ट फार्मर आणि क्विन्सी जोन्सही. बाहेर रेकॉर्डिंग करायला हॅम्प्टनची मनाई होती; यांनी ती जुमानली नाही. क्विन्सीने संगीतरचना बांधल्या, लार्स गुलिन, ओके पेर्सोन, बेंग्ट हालबेरी अशी स्वीडिश मंडळी जमली आणि १५ सप्टेंबरला चार चिजा रेकॉर्ड झाल्या. फार्मर आणि ब्राऊन, दोघांचेही सोलो त्यात आहेत. मुखपृष्ठावर मात्र ठळक नाव एकाचं, म्हणून 'स्टॉकहोम स्वीटनिंग'मधली फार्मरची वाक्यं 'काय हा ब्राऊन!' म्हणून वाखाणली जातात. फार्मरवर हा अन्याय आहे, आणि ब्राऊनला उसन्या कौतुकाची गरज नाही.

कानाने ओळखायचं कसं? 'जलद वाजवतो तो ब्राऊन' हा ठोकताळा आधी टाकून द्या. फार्मरलाही जलद येतं. स्वराची सुरुवात पाहा. ब्राऊनचा प्रत्येक स्वर जिभेने सुटा केलेला असतो. खयाल ऐकणाऱ्यांच्या भाषेत दाणेदार तान. लय कितीही चढली तरी दाणे चिकटत नाहीत, आणि वर गेल्यावर आवाज बारीक होत नाही, भरलेलाच राहतो. त्याचं वाक्य लांब असतं. आता थांबेल असं वाटतं तिथून ते पुढच्या ओळीत शिरतं. फार्मरचा स्वर मऊ उमटतो, कडा थोडी विरलेली. तो वाक्य लवकर मिटतो आणि मध्ये जागा सोडतो. पुढे तो फ्लूगलहॉर्नकडे, म्हणजे ट्रम्पेटच्याच जातीच्या पण मऊ आवाजाच्या वाद्याकडे वळला यात नवल नाही. गफलत जलद भागात होते, तेव्हा संथ वाक्यावर निकाल द्या. आधी ब्लू नोटवरचं 'ईझी लिव्हिंग' दोनदा ऐका. तिथे दुसरा ट्रम्पेट नाही, त्यामुळे ब्राऊनचा आवाज कानात बसतो. मग स्टॉकहोमकडे जा.

'चेरोकी' या चिजेचा गोंधळ किरकोळ आहे. ब्लू नोटवरची १९५३ ची, ड्रम्सवर ब्लेकी, साडेतीन मिनिटांच्या आत. रोचबरोबरच्या 'स्टडी इन ब्राऊन' या एलपीवरची १९५५ ची, ड्रम्सवर रोच, पावणेसहा मिनिटांच्या आसपास. घड्याळ बघा, संपलं.

'संपूर्ण' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांचा मात्र राग येतो. त्यात एका चिजेचे सगळे टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली रेकॉर्डिंग्ज, लागोपाठ कोंबतात, आणि एलपीच्या बाजूंची बांधणी मोडते. ब्लू नोटच्या १५२६ वर चिजा दहाच आहेत. त्या मूळ क्रमाने लावा, उरलेले टेक नंतर. अपवाद प्रेस्टिजवरच्या 'चूज नाऊ'चा. तिचे दोन टेक मूळ एलपीवरच आहेत आणि ते एकापाठोपाठच ऐकावेत: चौकट तीच, पण ब्राऊन दोन्ही वेळा वेगळ्या वाटेने जातो.