डेरिव्हेटिव्हची चिन्हं

एक राशी बदलली की दुसरी किती वेगाने बदलते हे सांगतो तो डेरिव्हेटिव्ह, पाठ्यपुस्तकी मराठीत विकलज. तो लिहायच्या तीन-चार पद्धती आजही चालू आहेत, कधीकधी एकाच पुस्तकात सगळ्या भेटतात, त्यामुळे नवखा माणूस गणितापेक्षा चिन्हांनाच जास्त बिचकतो.

सगळ्यात जास्त दिसतं ते डीवाय बाय डीएक्स. हे लाइबनिझ या जर्मन गणितज्ञाचं, त्याच्या १६७५ च्या टिपणांत हा डी दिसतो आणि छापून आला १६८४ मध्ये. हा डी म्हणजे कुठली संख्या नाही, त्यामुळे वरचा-खालचा डी काटून वाय बाय एक्स करायचं नसतं (करतात लोक!). वाय म्हणजे एक्सचा वर्ग असं धरा. एक्स ३ चा ३.१ केला की वाय ९ चा ९.६१ होतो, वायमधला फरक भागिले एक्समधला फरक ६.१ येतो, ३.०१ केला तर ६.०१. इथपर्यंत फरकासाठी डेल्टा लिहितात आणि तो खराखुरा अपूर्णांक असतो. फरक शून्याकडे नेत गेलं की भागाकार ज्या ६ कडे सरकतो त्याला डीवाय बाय डीएक्स म्हणायचं, म्हणजे रूप अपूर्णांकाचं पण आतून लिमिट. तरी चेन रूलमध्ये (वाय यूवर आणि यू एक्सवर अवलंबून असेल तेव्हा डीवाय बाय डीयू गुणिले डीयू बाय डीएक्स) मधला डीयू कटल्यासारखा दिसतो आणि उत्तर बरोबर येतं, ही सोयच या पद्धतीची खरी ताकद आहे.

दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये, म्हणजे डेरिव्हेटिव्हचाच पुन्हा डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर, वर २ डीच्या डोक्यावर आणि खाली एक्सच्या डोक्यावर का, हे सहसा कोणी सांगतच नाही. वर डी ही क्रिया दोनदा केलीये, खाली अख्खा डीएक्स दोनदा आलाय, फक्त त्याचा कंस लिहायचा कंटाळा केलाय. त्वरण म्हणजे अंतराचा वेळेनुसार दुसरा डेरिव्हेटिव्ह, त्याचं एकक बघा, मीटर प्रति सेकंद वर्ग, वर्ग सेकंदावरच आहे, मीटरवर नाही.

एफ प्राईम, म्हणजे फंक्शनच्या एफ या नावावर छोटी तिरकी रेघ, ही लाग्रांज या गणितज्ञाची पद्धत, सुटसुटीत. एफ प्राईम ऑफ ३ म्हणजे आधी डेरिव्हेटिव्ह काढायचा आणि मग ३ घालायचे, उलटं केलं तर स्थिरांकाचा डेरिव्हेटिव्ह म्हणून शून्य हातात येतं. चौथ्यापासून रेघा मोजत बसण्याऐवजी कंसात ४ लिहितात, कंस विसरलात तर तो घात होतो.

न्यूटन अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचा. आपल्या न्यूटनच्या अभिमानापायी इंग्लंडने ते टिंब शंभरेक वर्षं सोडलं नाही, शेवटी १८१२ मध्ये केंब्रिजला बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक या पोरांनी मंडळ काढून लाइबनिझच्या डीचा प्रचार केला. टिंब आता मुख्यतः फिजिक्समध्ये उरलंय, तेही वेळेच्या हिशोबाने डेरिव्हेटिव्ह घेताना.

राहिला तो वळणदार डी, ∂. फंक्शनमध्ये दोन-तीन चल असतील तर एकच हलवायचा आणि बाकीचे जागच्या जागी धरायचे, तो पार्शल डेरिव्हेटिव्ह. इथे काटाकाटीची सवय नक्की फसवते. वायूचा दाब, आकारमान आणि तापमान घेऊन तीन पार्शल डेरिव्हेटिव्ह (दाबाचा आकारमानानुसार, आकारमानाचा तापमानानुसार, तापमानाचा दाबानुसार) चक्राकार गुणले तर सगळं कटून १ उरेल असं वाटतं, पण उत्तर येतं उणे १, कारण प्रत्येकात स्थिर धरलेली राशी वेगळी आहे. म्हणून थर्मोडायनॅमिक्सवाले (उष्णता आणि ऊर्जेचा अभ्यास करणारे) कंस करून खाली ती स्थिर राशी लिहूनच ठेवतात.