तोल जातो तो कुठून?

पहाटे पाच वाजता नाशिकच्या रामकुंडाच्या पायऱ्या उतरणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या मेंदूला अवघड काम करावं लागतं. तोल सांभाळायला त्याला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळ्यांकडून, आतल्या कानाकडून, आणि तळपाय, घोटे, गुडघे यांच्यातल्या जाणिवेकडून. अंधारात डोळ्यांची खबर तुटपुंजी होते. शेवाळलेल्या दगडावर पाऊल नेमकं कसं टेकलंय हे तळपायाला कळत नाही, आणि पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह असेल तर तळपाय आधीच बधिर झालेले असू शकतात. मग सगळा भार एकट्या कानावर पडतो. दुपारी कॉलेज रोडवर नीट चालणारा माणूस पहाटे घाटावर झोकांडी खातो, तो यामुळे.

घरचे म्हणतात, ‘आता वय झालं’. वयानं तिन्ही खबरी थोड्या मंदावतात हे खरं. पण त्यातली कोणती जास्त कमी पडतेय हे तपासता येतं, आणि उरलेल्यांना जास्त काम करायला शिकवता येतं. तोलाची फिजिओथेरपी उभी आहे ती यावरच.

तपासणी अगदी साधी असते. पाय जुळवून उभं राहायचं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, प्रत्येक वेळी 30 सेकंद. मग तेच जाड फोमच्या गादीवर. कठीण जमिनीवर डोळे मिटताच माणूस डोलू लागला, तर तो तळपायांवर कमी आणि डोळ्यांवर जास्त विसंबून आहे. फोमवर डोळे मिटल्यावरच कोसळू लागला, तर संशय कानावर जातो, कारण त्या क्षणी विसंबायला दुसरं काही उरलेलं नसतं. फोम आणि मिटलेले डोळे म्हणजे पहाटेचा ओला घाटच. मात्र ही तपासणी घरी एकट्यानं करू नये. मागे धरायला माणूस हवाच.

मधुमेह असेल तर तळपायाला 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवून स्पर्श कळतो का हे पाहतात, आणि 128 हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर धरून कंपन कळतं का हेही. दोन मिनिटांचं काम, पण पुष्कळ ठिकाणी राहून जातं. रुग्णानं स्वतःहून विचारावं.

आता चक्करेबद्दल. डॉक्टरांसमोर सगळेच ‘चक्कर येते’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, ते वापरावेत. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतोय का हे मोजायला हवं. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर ते कारण पकडून औषधं पुन्हा तपासावी लागतात. चालताना झोक जात असेल, तर पाय आणि नसा पाहायच्या. आणि आजूबाजूचं गरगर फिरत असेल, तर कान.

गरगरण्याचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण म्हणजे कानातले खडे जागा सोडणं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. ते सुटून तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी एखादीत शिरले, की मान हलवताच नळीतलं पाणी ढवळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करून पाहताना गरगरतं आणि एका मिनिटाच्या आत थांबतं, ही त्याची खूण. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षाच्या मांडवाखाली छाटणी किंवा विरळणी करणारा माणूस तासन् तास मान वर करून काम करतो. अशा माणसाला मांडवाखालीच गरगरू लागलं, की ‘मानेचे मणके झिजले’ असं समजून पट्टा बांधला जातो. खडे मात्र नळीतच राहतात.

यावर डॉ. जॉन एपली यांनी शोधलेली, त्यांच्याच नावानं ओळखली जाणारी क्रिया आहे. मागच्या नळीत खडे असतील तर ती अशी: पाय लांब करून बसायचं, डोकं खडे सुटलेल्या कानाकडे 45 अंश वळवायचं आणि झटकन उताणं पडायचं, मान पलंगाच्या कडेखाली थोडी लोंबती. गरगरणं आणि डोळ्यांची थरथर थांबेपर्यंत, निदान 30 सेकंद, तसंच राहायचं. मग डोकं दुसऱ्या बाजूला 90 अंश, पुन्हा थांबायचं. मग त्याच कुशीवर वळून नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं, आणि शेवटी उठून बसायचं. पुष्कळांना एकदोन वेळातच उतार पडतो. चुकतं ते मुख्यतः तीन ठिकाणी: बाजू ओळखायला चूक होते, खडे आडव्या नळीत असताना हीच क्रिया केली जाते, किंवा प्रत्येक टप्प्यावर पुरेसं थांबलं जात नाही. म्हणून पहिली वेळ जाणकाराच्या हातूनच. मानेचं दुखणं किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी सांगावं. चक्करेच्या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवल्या, तर मेंदूची जुळवून घेण्याची प्रक्रिया लांबते, त्यामुळे त्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

चक्करेबरोबर तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, एकाचे दोन दिसणं किंवा हातपाय लुळा पडणं यातलं काहीही असेल, तर फिजिओथेरपीचा विचारही करू नये. 108 ला फोन करावा.

खबर नीट पोचली तरी ती अमलात आणायला पाय हवेत. हातांचा आधार न घेता 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ते मोजा. खुर्चीची बैठक साधारण 43 सेंटिमीटर उंच, खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली. 70 ते 74 वयात बाईला 10 आणि पुरुषाला 12 पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याची जोखीम वाढलेली समजतात.

ताकद आणि तोल दोन्हींसाठी स्वयंपाकघरातला ओटा उत्तम. दोन्ही हात ओट्यावर टेकून पाय जुळवून 10 सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत. मग एका पायावर. जमू लागलं की एक हात सोडायचा, मग फक्त बोटं टेकायची, मग उभं राहून मान डावी-उजवीकडे वळवायची. बरोबर टाचा उचलणं 10 वेळा आणि खुर्चीवरून उठबस 10 वेळा. थोडंसं डगमगायला हवं, नाहीतर मेंदूला शिकायला काही मिळत नाही. घरी राहणाऱ्या वयस्कांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब सांगतो की अशा व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं. दवाखान्यात नुसता शेक आणि करंट घेऊन घरी परतणं ही अर्धीच फिजिओथेरपी.

गुडघा दुखतो म्हणून व्यायाम बंद करणाऱ्यांची चूक समजण्यासारखी आहे, पण चूकच आहे. मांडीचा स्नायू सुकला की सांध्यावर भार आणखी पडतो. दुखण्याला दहापैकी गुण दिले, तर तीनपर्यंत दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर वेळा निम्म्या करायच्या, थांबायचं नाही.

काठी बहुतेक जण दुखऱ्या पायाच्याच हातात धरतात. ती विरुद्ध हातात हवी: उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात, आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकायची. रोजची चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या वळीला यावी. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या उभ्या जिन्यांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

पायांत ताकद यायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात. 2027 च्या सिंहस्थात गोदेत स्नान करायचं मनात असेल, तर ओट्यापाशी उभं राहणं निदान तीन महिने आधी सुरू व्हायला हवं. घाटावर उजाडल्यावर उतरावं, एका हाताला माणूस धरावा, काठीच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर नवं बसवून घ्यावं, आणि शेवाळ दिसलं की तिथल्याच कोरड्या पायरीवर बसून तांब्यानं पाणी घ्यावं.