कॅफीन : शरीर व मनावरील परिणाम

कॉफी, चहा, कोको इ. वनस्पतींत आढळणारे कडू, पांढरे, स्फटिकी अल्कलॉइड (वनस्पतिजन्य नायट्रोजनयुक्त द्रव्य). रासायनिक नाव १, ३, ७–ट्रायमिथिल झँथीन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीप रुंगे यांनी ते १८१९च्या सुमारास कॉफीच्या बियांतून वेगळे केले. बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली विस्फारते, हा त्यांचा प्रयोग पाहून कवी गटे यांनी त्या बिया त्यांच्या हाती दिल्या होत्या. १८२१मध्ये फ्रान्समध्येही ते स्वतंत्रपणे मिळविले गेले; तथापि श्रेय सामान्यतः रुंगे यांना देतात आणि ते योग्य दिसते.

कॅफिनाने तरतरी नेमकी कशी येते, याविषयी तीन उपपत्ती आहेत : कोशिकांत (पेशींत) साठलेले कॅल्शियम मोकळे होणे, फॉस्फोडायएस्टरेज या कोशिकांतील संदेशवाहक रेणूंचे विघटन करणाऱ्या एंझाइमाला रोध होणे आणि ॲडेनोसीन या शरीरातील द्रव्याचे ग्राही (कोशिकांवरील ते चिकटण्याच्या जागा) अडविले जाणे. पहिल्या दोन्ही क्रिया प्रयोगशाळेत दिसतात. पण त्यांना लागणारी कॅफिनाची संहती (प्रमाण) नेहमीच्या एक-दोन कपांनी रक्तात येत नाही. त्यामुळे तिसरी उपपत्ती आता बहुमान्य आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन साचत जाते व ते ए-१ आणि ए-२ए या प्रकारांच्या ग्राहींना चिकटले की पेंग येऊ लागते. रचनेतील साम्यामुळे कॅफीन त्याच ग्राहींवर जाऊन बसते, मात्र त्यांना चालना देत नाही. ए-२ए ग्राही नसलेल्या उंदरांची झोप कॅफिनाने उडत नाही. हा पुरावा विशेष बोलका आहे. थोडक्यात, थकवा जात नाही, त्याची जाणीव तेवढी दबते. ॲडेनोसीन साचतच राहते आणि कॅफीन उतरले की झोप दाटून येते.

अवधान व प्रतिक्रियेचा वेग सुधारतो, यावर फारसा वाद नाही. मात्र रोज कॉफी घेणाऱ्यांत ही सुधारणा म्हणजे रात्रभरच्या खंडाने आलेली मरगळ दूर होणे एवढेच, असे काही संशोधक मानतात. कॅफिनाची सवय नसलेल्यांनाही लाभ होत असल्याने हे मत सर्वस्वी ग्राह्य वाटत नाही. सकाळच्या पहिल्या कपाला मात्र ते बरेचसे लागू पडते. सवय एकदम तोडल्यास १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, कारण आकुंचित राहिलेल्या मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात. जास्त मात्रेने अस्वस्थता, हाताला कंप व छातीत धडधड होते. निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मि.ग्रॅ.पर्यंत व गर्भवतींना २०० मि.ग्रॅ.पर्यंत कॅफीन सुरक्षित असल्याचे यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये म्हटले.

कॅफिनाचा अर्धायुकाल (शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सरासरी ५ तास. दुपारी चारच्या कपातील निम्मे कॅफीन रात्री नऊलाही अंगात असते. धूम्रपानाने हा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो, तर गर्भारपणाच्या अखेरीस बराच लांबतो. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांचा श्वास मधूनच थांबतो, त्यावर कॅफीन सायट्रेट देतात; कॅफिनाचे विघटन करणारे यकृतातील एंझाइम त्यांच्यात अजून अपुरे असल्याने दिवसाला एकच मात्रा पुरते.