पट्ट्यानं हर्निया बरा होतो का?

"पट्टा आवळून बांधा, हर्निया जिरतो, ऑपरेशन लागत नाही," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पट्टा बांधला की जांघेतला फुगा दिसेनासा होतो, म्हणून ते पटतंही.

पण हर्निया म्हणजे पोटाच्या स्नायूंत पडलेली फट. तिच्यातून आतडं किंवा चरबी बाहेर येते. पट्टा बाहेरून दाबतो, फट बुजवत नाही. पडताळा सोपा आहे: पट्टा काढा, उभं राहून खोका. फुगा पुन्हा येतो. सोयाबीनचा कट्टा उचलतानाही तेच. तान्ह्या बाळाची फुगलेली बेंबी हाही हर्नियाच, पण ती मात्र बहुधा 4-5 वर्षांत आपोआप बसते. तिच्यावर नाणं बांधू नका.

ऑपरेशन कधी करायचं, ते सर्जन तपासून सांगतील. पण फुगा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर पट्टा सोडा आणि रात्र असली तरी लगेच जिल्हा रुग्णालय गाठा.