पार्श्वभूमी : डिजिटल पेमेंट आणि शून्य एमडीआरचा (दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्काचा) तिढा

२००७ च्या कायद्याने पेमेंट यंत्रणा मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली आल्या. २००९ मध्ये ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची झाली. तेव्हा ती अनेकांना जाचक वाटली, पण आपल्या संमतीशिवाय खात्यातून पैसे जात नाहीत हा भरवसा तिनेच रुजवला. पुढे २०१० मध्ये आयएमपीएस, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात तत्काळ पैसे पाठवण्याची सेवा, आले आणि त्याच पायावर २०१६ मध्ये यूपीआय उभे राहिले.

यूपीआयच्या यशाचे श्रेय सर्रास नोटाबंदीला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. नोटांच्या टंचाईमुळे लोकांनी ॲप घेतले, पण पुढे रोखही परतली. नोटाबंदीआधी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन बाजारात होते, २०२३ मध्ये ते ३३ लाख कोटींच्या पुढे गेले. डिजिटलची सवय टिकली ती दुकानदारांमुळे. समोरचा घेतच नसेल, तर ग्राहकाच्या फोनमधले ॲप काय कामाचे?

दुकानदार मागे राहत होता तो एमडीआरमुळे, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे त्याच्याकडून कापल्या जाणाऱ्या शुल्कामुळे. २०१२ मध्ये डेबिट कार्डांसाठी त्यावर मर्यादा आली : दोन हजार रुपयांपर्यंत ०.७५ टक्के, त्यापुढे १ टक्का. २०१८ पासून दर उलाढालीनुसार ठरू लागले. वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना ०.४० टक्के, मोठ्यांना ०.९० टक्के आणि क्यूआर कोडवर त्याहून थोडे कमी. लहान-मोठ्यांत फरक करणारी ही रचना माझ्या मते सर्वांत न्याय्य होती.

रूपे या देशी डेबिट कार्डांपुरती ती दोनच वर्षे टिकली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावरचे शुल्क कायद्यानेच शून्य झाले. ५० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना ही साधने ठेवणे बंधनकारक झाले, पण शुल्कमाफी त्यांनाही मिळाली. किरकोळ विक्रेत्याच्या तुटपुंज्या नफ्यात अर्धा टक्काही टोचतो, त्यामुळे त्याच्यासाठी हा निर्णय योग्यच होता. मोठ्या साखळी दुकानांना तीच सवलत का, याचे पटणारे उत्तर अजून मिळालेले नाही.

सर्व्हर, फसवणूक रोखणारी यंत्रणा, तक्रार निवारण यांचा खर्च मात्र शून्य झाला नाही. तो बँका आणि पेमेंट कंपन्यांवर आला, काही भाग सरकारी अनुदानातून भरला जाऊ लागला. २०२१-२२ साठी ही तरतूद सुमारे १,३०० कोटींची होती, तर २०२४-२५ साठी १,५०० कोटींची, तीही लहान दुकानदारांकडच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांपुरती. दरम्यान यूपीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला आणि दोनच वर्षांत तो आकडा दुप्पट झाला.

२०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेने शुल्काच्या प्रश्नावर चर्चापत्र काढले, तेव्हा सरकारने शुल्काचा विचार नसल्याचे लगोलग जाहीर केले. जून २०२५ मध्ये मोठ्या रकमांवर एमडीआर येणार अशी चर्चा उठली आणि तीही अशीच फेटाळली गेली. मोठ्या व्यापाऱ्यांपुरते शुल्क पुन्हा सुरू करावे, ही पेमेंट कंपन्यांची मागणी कायम आहे.