9013 की 9031? प्रकाशीय मापन उपकरणांच्या कस्टम्स वर्गीकरणाची पार्श्वभूमी

प्रोफाइल प्रोजेक्टर (वस्तूची मोठी केलेली आकृती पडद्यावर टाकून माप घेणारं यंत्र), व्हिजन मेझरिंग मशीन, इंटरफेरोमीटर असं काही परदेशातून मागवलं की बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं कस्टम्स घोषणापत्र, भरताना पहिला प्रश्न येतो तो मालाच्या वर्गीकरणाच्या कोडचा. कॅटलॉगमध्ये ‘ऑप्टिकल’ किंवा ‘लेसर’ दिसलं की हात आपोआप 9013 कडे, म्हणजे लेसर आणि इतरत्र न बसणाऱ्या प्रकाशीय उपकरणांच्या कोडकडे वळतो, आणि बहुतेक वेळा तिथेच चूक होते. तिचं मूळ जुन्या दरपत्रकांत आहे.

1950 च्या ब्रुसेल्स करारातून आलेली, कस्टम्ससाठी मालाचं वर्गीकरण करणारी नामावली 1959 मध्ये अमलात आली. तिच्या 90.16 या हेडिंगमध्ये (चार आकडी वर्गात) आखणीची साधनं, स्लाइड रूल, मायक्रोमीटर, कॅलिपर आणि प्रोफाइल प्रोजेक्टर एकाच छताखाली होते. पण मोजायची राशी बदलेल तसा बदलणाऱ्या विद्युत परिणामावर उपकरण चालत असेल, तर ते 90.28 मध्ये जायचं. म्हणजे तेच माप डोळ्यांनी वाचलं तर एक हेडिंग, फोटोसेलने वाचलं तर दुसरं. भारताचा 1975 चा कस्टम्स टॅरिफ कायदा 2 ऑगस्ट 1976 पासून लागू झाला, तो याच साच्यावर. म्हणून 90.28 वरचे त्या काळातले निवाडे आजच्या वादात जसेच्या तसे पुढे करू नयेत. ते हेडिंगच त्या रूपात उरलेलं नाही.

आजच्या कोडांचा पाया असलेल्या हार्मोनाइज्ड सिस्टीम या वर्गीकरण-पद्धतीचा करार 1983 चा, जगभर अंमल 1 जानेवारी 1988 पासून. भारताने मात्र 1986 च्या फेब्रुवारीअखेरीसच ही रचना स्वीकारली. तिने विजेची भिंत पाडली आणि आधी काम विचारलं. हाताने वापरायची लांबी मोजण्याची साधनं 9017, सर्वेक्षणाची 9015, पदार्थाचं भौतिक-रासायनिक विश्लेषण करणारी 9027 आणि इतरत्र न बसणारी मापन-तपासणीची 9031. प्रकाशाचा प्रश्न त्यानंतर, सबहेडिंगच्या (सहा आकडी उपवर्गाच्या) पातळीवर येतो. दरपत्रकात ही उपकरणं ज्या प्रकरण 90 मध्ये येतात, त्याची टीप 5 तर स्पष्टच सांगते: 9013 आणि 9031 दोन्हींत बसू शकणारं प्रकाशीय मापन उपकरण 9031 मध्येच जाईल. आमच्या मते या विषयातली सर्वांत उपयोगी ओळ हीच, आणि सर्वांत कमी वाचली जाणारीही.

9031 च्या आतली मांडणीही बदलत गेली. 1996 च्या आवृत्तीत सेमीकंडक्टर वेफर (चिप बनवायच्या चकत्या), सेमीकंडक्टरचे घटक आणि फोटोमास्क (चिपची नक्षी उमटवायचे साचे) तपासणारी प्रकाशीय यंत्रं 9031 41 मध्ये वेगळी काढली. बाकीची 9031 49 मध्ये राहिली. माहिती तंत्रज्ञान करारात भारत 1997 साली सामील झाला, त्यामुळे 9031 41 ला शून्य आयात शुल्काचं वजन आलं, आणि वेफरशी संबंध नसलेलं यंत्र तिथे दाखवण्याचा मोहही वाढला. प्रोफाइल प्रोजेक्टरचं स्वतंत्र 9031 30 हे सबहेडिंग 2007 च्या आवृत्तीत गेलं. तो आता 9031 49 मध्ये आहे. ‘ऑप्टिकल’ म्हणजे डोळा लावून पाहायचंच उपकरण, असंही नाही. प्रकाशीय घटकांवर किंवा प्रक्रियेवर काम करणारं उपकरण, पडद्यावर फक्त आकडे दाखवत असलं तरी, त्यात येतं.

नेत्रचिकित्सेच्या दुकानातली दोन यंत्रं शेजारी ठेवून पाहा. चष्म्याच्या काचेचा नंबर मोजणारा लेन्सोमीटर 9031 49 मध्ये, कारण तो वस्तू मोजतो. डोळ्याचा नंबर काढणारा ऑटोरिफ्रॅक्टोमीटर 9018 मध्ये, कारण ते दृष्टी तपासण्याचं साधन आहे.

सुट्या भागांत घोळ जास्त होतो. टीप 2 नुसार ज्या भागाला प्रकरण 84, 85, 90 किंवा 91 मध्ये स्वतःचं हेडिंग आहे, तो तिथेच जातो, यंत्रामागे नाही. प्रोजेक्टरची चौकटीत बसवलेली ऑब्जेक्टिव्ह लेन्स 9002, बिनचौकटीची 9001, दिवा 8539. त्याच यंत्रासाठी खास घडवलेलं मेज मात्र 9031 90. स्पर्श-प्रोब (वस्तूला टेकून माप घेणारी सुई) आणि कॅमेरा दोन्ही असलेल्या सीएमएममध्ये, म्हणजे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनमध्ये, मुख्य काम कोणतं हे ठरवावं लागतं. त्यावर 9031 49 (प्रकाशीय) की 9031 80 (इतर) हे अवलंबून.

2011 पासून आयातदार स्वतःच शुल्काची आकारणी करतो, त्यामुळे कोड चुकला तर फरकाची रक्कम आणि व्याज त्याच्याच माथी. इन्व्हॉइसवर नुसतं ‘लेसर इन्स्ट्रुमेंट’ लिहू देऊ नका. काय मोजतं, कोणत्या तत्त्वावर आणि कशासाठी, हे पुरवठादाराकडून लिहून घ्या आणि कॅटलॉगचं ते पान जोडा. तरी शंका उरली, तर माल निघण्यापूर्वीच मुंबई किंवा दिल्लीच्या कस्टम्स अॅडव्हान्स रुलिंग (आयातीआधीच वर्गीकरणाचा निर्णय देणाऱ्या) प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.